आम्हाला खुर्ची हवी

फर्निचरच्या त्या दुकानात जिकडे बघावं तिकडे खुर्च्या होत्या. हाताच्या, बिनहाताच्या, फिरणाऱ्या, डुलणाऱ्या, घडीच्या. एक तर अशी होती की बटण दाबलं की बसणाऱ्याचे पाय आपोआप वर उचलून धरायची. आणि या सगळ्या खुर्च्यांच्या मधोमध, सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री शटर पडेपर्यंत, दोन बायका उभ्या असत. मालकांचा नियमच होता की खुर्ची विकणाऱ्याने खुर्चीवर बसायचं नाही. कोणी बसलं की माल वापरलेला दिसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे म्हणणं ते गल्ल्यामागच्या गुबगुबीत खुर्चीत बसून, पाय पसरून मांडत असत.

दोघींपैकी एक मोठ्या ताई. दुकान उघडलं त्या दिवसापासून त्या इथे उभ्या होत्या. तोंडाने फटकळ, पण गिऱ्हाईक सांभाळण्यात पटाईत, म्हणून मालक त्यांचं थोडंफार ऐकून घेत. दुसरी धाकटी. तिला सातवा महिना लागला होता, आणि सकाळी घातलेली चप्पल संध्याकाळी तिच्या पायात मावत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिला सरळ सांगितलं होतं, मधून मधून बसत जा, नाहीतर काम सोड. काम सोडणं शक्य नव्हतं, कारण नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता. म्हणजे प्रश्न एका खुर्चीचा होता. खुर्च्यांच्या दुकानात हा प्रश्न अवघड असायचं कारण नव्हतं.

धाकटीने अगदी हळू आवाजात मालकांना विचारलं, "साहेब, गिऱ्हाईक नसेल तेव्हा मागच्या बाजूला जरा बसू का?"

"बसायचंय?" मालक म्हणाले. "मग घरीच बसा की. मी कुठे नाही म्हणतोय?"

मोठ्या ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं उभं राहून त्यांच्या तळपायांत आग कायमचीच होती, त्या दिवशी तिला फक्त वाट मिळाली.

घरी गेल्यावर त्यांनी पर्स आपटली. ताईंचे यजमान निवृत्त बस ड्रायव्हर. ते खाटेवर पालथे पडून कंबर शेकत होते.

"तिला बसायला खुर्ची देत नाही म्हणजे काय? माणूस आहे की खांब आहे ती?" ताई म्हणाल्या.

"मी जन्मभर बसूनच काम केलं," यजमान उशीत तोंड खुपसून म्हणाले. "बघ काय झालं ते."

"तुमची कंबर राहू द्या बाजूला. उद्यापासून मी आंदोलन करणार आहे. मला बोर्ड लिहून द्या."

यजमानांचं अक्षर मोठं छान होतं. त्यांनी माळ्यावरून एका खुर्चीचं रिकामं खोकं काढलं, फाडून सपाट केलं आणि लाल रंगात ब्रश बुडवला. ताईंनी मजकूर सांगितला: दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या आम्हा बायकांना या दुकानात बसायला खुर्ची हवी. तो ऐकून घेत यजमानांनी पहिलाच 'आ' असा काही झोकात काढला की त्यातच पुठ्ठ्याचा मोठा तुकडा गेला.

"अहो, मावणार कसं सगळं?"

"बसच्या पाटीवर काय सगळा रस्ता लिहितात का?" यजमान म्हणाले. "मुद्द्याचं तेवढं लिहायचं. लोक समजून घेतात."

आणि त्यांनी मुद्द्याचं तेवढं लिहिलं: आम्हाला खुर्ची हवी. खाली खोक्यावर आधीपासूनच दुकानाचं नाव ठळक छापलेलं होतं. त्याकडे रागाच्या भरात ताईंचं लक्ष गेलं नाही, आणि यजमानांना तर ते शोभूनच दिसलं.

दुसऱ्या दिवशी मालक यायच्या आत दोघींनी बोर्ड दारात लावला आणि शेजारी आंदोलन सुरू केलं. ठिय्या द्यायचा विचार होता, पण फुटपाथवर एकदा बसली की धाकटीला उठता येईना. शेवटी बसण्याच्या हक्कासाठीचं ते आंदोलन दोघींनी उभ्यानेच सुरू केलं.

पहिलं जोडपं थांबलं. बाईने बोर्ड वाचला आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं. "आपल्यालाही हवीच आहे की हो. कधीपासून म्हणतेय मी."

"तुम्हाला नाही, आम्हाला," ताई म्हणाल्या.

"हो हो, आम्हालाच," बाई म्हणाली आणि आत शिरली.

तिच्यामागे आणखी दोघे आले, मग आणखी चार. लोकांना ती जाहिरात वाटली, आणि जाहिरात म्हणून ती खरोखरच झकास होती. आंदोलन अर्धवट टाकून दोघींना आत धावावं लागलं. मालक आले तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

"बाहेरचा बोर्ड कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझा," ताई छाती काढून म्हणाल्या. "आणि मी तो काढणार नाही."

"काढायचा कशाला? थोडा पुढे सरकवा. बसमधून दिसायला पाहिजे." मालकांचा चेहरा फुलला होता. "ताई, तुमच्यात हा गुण आहे हे मला माहीतच नव्हतं."

"साहेब, ही जाहिरात नाही. आम्ही निषेध करतोय."

"असाच निषेध सणसणीत चालू ठेवा. आणि धाकटीला म्हणावं, आज जेवायची सुट्टी नको, गर्दी आहे."

त्या संध्याकाळी धाकटीचे पाय इतके सुजले की तिने चपला पिशवीत टाकल्या आणि अनवाणी घरी गेली. ताईंनी पाठमोऱ्या तिच्याकडे बघितलं, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्यांना स्वतःचाच आणखी राग आला.

इथवर सगळं एका दुकानातच होतं. पण समोरच्या भांड्यांच्या दुकानाचे मालक व्यापारी संघाचे अध्यक्ष होते. कितीतरी वर्षं ते खुर्ची उबवत होते, आणि संघाची निवडणूक तोंडावर आली होती. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांना दिवसभर एकच वाक्य दिसत होतं: आम्हाला खुर्ची हवी. त्याखाली समोरच्या दुकानाचं नाव. दोन दिवस त्यांनी दातओठ खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी रस्ता ओलांडून ते आत आले.

"तुम्हाला खुर्ची हवी काय?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"मला कशाला? तुम्हाला दाखवतो ना," मालक लगबगीने म्हणाले. "कुठली काढू? फिरणारी की डुलणारी?"

"माझी खुर्ची डुलतेय असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मालकांना काही उमगेना. ताईंना मात्र सगळं लख्ख कळलं आणि त्या मध्ये पडल्या. "अहो अध्यक्षसाहेब, तुमचा गैरसमज होतोय. खुर्ची आम्हाला हवी. नुसती बसायला."

"बसायलाच हवी असते हो सगळ्यांना," अध्यक्ष कडवटपणे म्हणाले. "मीसुद्धा नुसता बसायलाच आलो होतो." मग ते मालकांकडे वळले. "बायकांच्या आडून कसले वार करता? हिंमत असेल तर समोर या. पण तुमच्याने स्वतःच्या दुकानाचं शटर सरळ लागत नाही, तुम्ही काय संघ चालवणार?"

मालकांच्या मनात निवडणूक स्वप्नातसुद्धा नव्हती. पण शटरचा उल्लेख त्यांना झोंबला. अध्यक्ष गेल्यावर ते कितीतरी वेळ बोर्डाकडे बघत राहिले, आणि दुपारी जाऊन अर्ज भरून आले.

"साहेब, हा बोर्ड आमच्याबद्दल आहे," ताई म्हणाल्या. "आम्हाला म्हणजे आम्हा दोघींना."

"आम्हाला म्हणजे मला. आदरार्थी," मालक म्हणाले. "ताई, एवढा प्रचार करा माझा. निवडून आलो की पहिलं काम धाकटीच्या खुर्चीचं. शब्द देतो."

ताईंना शब्दाचा भरवसा नव्हता, पण धाकटीकडे दुसरं होतं काय? म्हणून त्यांनी प्रचार केला, आणि रागारागाने केल्यामुळे तो फार प्रभावी झाला. बोर्ड घेऊन त्या दुकानादुकानांत जात. पण आपल्या मालकांचं कौतुक त्यांच्या तोंडून निघेना, म्हणून त्या सध्याच्या अध्यक्षांवरच तुटून पडत. तुंबलेली गटारं, बंद पडलेले दिवे, बाजारभर बायकांसाठी नसलेलं स्वच्छतागृह, सगळं त्या बाहेर काढत. व्यापारी माना डोलवत. काउंटरमागे उभ्या असलेल्या पोरी तर गिऱ्हाईक सोडून ऐकायला येत. मतदानाच्या दिवशी दोघी संघाच्या दारात बोर्ड धरून उभ्या राहिल्या. धाकटीने पाळीपाळीने एकेक पाय भिंतीला टेकवला.

मालक दणदणीत मतांनी निवडून आले.

"आता खुर्ची," निकालानंतर दुकानात आल्या आल्या ताई म्हणाल्या.

मालकांनी घसा साफ केला. "असं बघा ताई, तेव्हा मी एका दुकानाचा मालक होतो. आता सगळ्या बाजाराची जबाबदारी आहे. आज माझ्याकडे एक बसली, तर उद्या बाकीच्या दुकानांतल्या पोरी खुर्च्या मागतील. मला मतं मालकांनी दिली आहेत, पोरींनी नाही."

"शब्द दिला होतात तुम्ही."

"पाळणार आहे ना. तिला बसायचंय, हो ना? सत्कार समारंभ झाला की तिने घरी बसावं. नवीन मुलगी बघितलीय मी."

धाकटी नुसती एका टेबलाची धूळ पुसत राहिली. धूळ नव्हतीच त्याच्यावर. ताईंना वाटलं, जवळची एखादी घडीची खुर्ची उचलावी आणि मालकांच्या डोक्यात घालावी. त्यांनी ती उचललीसुद्धा. पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि त्यांनी ती त्याला उघडून दाखवली. त्याने ती घेतली. असल्या नशिबाला काय म्हणावं, ताईंना कळेना.

सत्कार संघाच्या सभागृहात होता. व्यासपीठावर अध्यक्षांसाठी मालकांनी आपल्याच दुकानातली सगळ्यांत भारी, उंच पाठीची, कोरीव हातांची खुर्ची आणवली होती. पुढच्या रांगांत मालकमंडळी बसली होती. जुने अध्यक्ष पहिल्याच रांगेत हाताची घडी घालून बसले होते. मागे भिंतीला लागून दुकानांतल्या बायका आणि पोरी उभ्या होत्या. त्यांच्यासाठी खुर्च्या कमी पडल्या होत्या. धाकटी आणि ताई व्यासपीठाच्या कडेला पुष्पगुच्छ धरून उभ्या होत्या, कारण पाहुण्यांना ते आयत्या वेळी हातात द्यायला कोणीतरी लागतं.

मालक भाषणाला उठले. ताईंच्या कानात त्यांचे शब्द शिशासारखे पडत होते. बाजाराच्या विकासावर बोलून झालं, पार्किंगवर बोलून झालं, मग त्यांनी आवाजात कंप आणला.

"मित्रहो, ही खुर्ची माझी नाही," ते मागे हात करून म्हणाले. "ही खुर्ची खरं तर आमच्या या भगिनींची आहे, ज्या दिवसभर पायांवर उभ्या राहून हा बाजार चालवतात. त्यांना मी मनापासून वंदन करतो."

टाळ्या पडल्या. ताईंनी हातातले गुच्छ खाली ठेवले, धाकटीचा दंड धरला आणि तिला चालवत व्यासपीठाच्या मधोमध नेलं.

"ताई, अहो काय करताय?"

"बस."

"अहो पण..."

"साहेबांनी आत्ता सगळ्यांसमोर काय सांगितलं? बस म्हणते ना."

धाकटी बसली. बसल्यावर तिच्या तोंडून आपसूक एक सुस्कारा निघाला आणि तो माइकमधून सगळ्या सभागृहात ऐकू गेला. मालक आणखी बराच वेळ बोलले. त्यांना मागचं काही दिसत नव्हतं, तो सुस्कारा त्यांना श्रोत्यांचाच वाटला, आणि आज आपलं भाषण लोक इतक्या टक लावून ऐकतायत याचा त्यांना आनंद होत होता. शेवटी नमस्कार करून ते वळले आणि बसायला गेले. सात महिन्यांची गरोदर बाई खुर्चीत डोळे मिटून, मान मागे टाकून बसलेली होती.

मालकांनी ताईंना बाजूला ओढलं. "उठवा तिला," ते दातांतल्या दातांत म्हणाले.

"तुम्ही उठवा. सगळे बघतायत."

मालकांनी सभागृहाकडे पाहिलं. खरंच सगळे बघत होते. ते कसनुसं हसले आणि पुन्हा ताईंच्या कानाशी आले. "ताई, काय पाहिजे ते सांगा, पण हिला इथून हलवा."

ताई सरळ माइककडे गेल्या. त्यांचा आवाज रागाने थरथरत होता, पण समोरच्यांना वाटलं, बाई गहिवरल्या आहेत.

"साहेब खूप लाजतायत," त्या म्हणाल्या, "म्हणून त्यांनी कानात सांगितलं ते मी सांगते. ही मुलगी कामावर राहणार. आणि उद्यापासून बाजारातल्या प्रत्येक दुकानात, काउंटरमागे काम करणाऱ्या प्रत्येक बाईला एक खुर्ची. पहिली त्यांच्या दुकानात. सगळ्या खुर्च्या साहेब स्वतःकडून देणार आहेत."

मग पाठीमागच्या भिंतीपाशी टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छताचे पंखे हलले. पुढच्या रांगेतले मालक एकमेकांची तोंडं बघू लागले. तेवढ्यात जुने अध्यक्ष उठले. नव्या अध्यक्षाची झालेली ही गत बघून त्यांना इतका आनंद झाला होता, की त्यांनी उभं राहून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एक ज्येष्ठ माणूस उभा राहिल्यावर बाकीच्यांना बसून राहणं बरं दिसेना. एकेक करत सगळ्या रांगा उठल्या. पाहुणे उठले. मालकांनीही हात उचलले आणि हसऱ्या तोंडाने स्वतःच्या दिलदारपणाला टाळ्या वाजवायला घेतल्या.

सगळं सभागृह उभं होतं, आणि त्या एवढ्या लोकांत बसलेली होती ती फक्त धाकटी.