गेणूभाऊंचा न बोलायचा फोन

गेणूभाऊंना फोन केलेला अजिबात खपायचा नाही. खिशात मोबाइल बाळगायचा आणि तो वाजला की करणाऱ्याचाच उद्धार करायचा, असा दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही. "फोन बोलायला नसतो, राव," एवढं ऐकवून ते खाडकन कट करायचे. आता फोन बोलायला नसतो तर काय लोणचं घालायला असतो? पण हे त्यांना विचारायची सोय नव्हती.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. मी तेव्हा ओतूरला एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो. गेणूभाऊ वीज खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. निम्मी नोकरी ओतुरात गेली, गाव मात्र आणे. म्हणजे आळेफाटा ओलांडून, घाट चढून पार पठारावर. एके दिवशी हे गृहस्थ एसटीतून उतरले, जावयानं दिलेला जुना लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ह्याला इंटरनेट जोडायचं. ह्या मोबाइलमधनं. आन ते माझ्या घरात चाललं पायजे, हितं न्हाई."

त्यांची एकुलती लेक मनीषा मस्कतला दिलेली. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपल्याकडची रीत. पण डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली आणि पोरगी तिकडंच अडकली. तिला सासूही नव्हती. तिचे दिवस भरायच्या आत आण्याचं घर आणि मस्कतचं घर कॉम्प्युटरवर जोडून द्या, इकडून लिहिलेलं तिकडं लगेच दिसलं पाहिजे, तिकडचं इकडं, तेही मराठीत. एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी म्हटलं, दर शुक्रवारी लेकीचा फोन येतो ना तुम्हाला? येतो म्हणाले. मग बोलता की? दोन मिनिटं बोलतो म्हणाले, आणि विषय बदलला. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला मिरवायची हौस दिसतेय.

तर मोबाइलला केबल लावायची, तिचं दुसरं टोक लॅपटॉपला जोडायचं आणि कॉम्प्युटरकडून स्टार नव्व्याण्णव हॅश हा नंबर फिरवायचा, की मोबाइलचा मोडेम होतो. गेणूभाऊंनी हे सगळं वहीत उतरवलं, पण आपल्या पद्धतीनं. लॅपटॉप म्हणजे घर, केबल म्हणजे सर्व्हिस वायर, मोबाइल म्हणजे पोल. "फॉल्ट सापडतोच, राव. पोलापोलानं म्होरं जायचं," हे त्यांचं ब्रीद. गंमत म्हणजे कीबोर्डला ते बोट लावायचे नाहीत. कॉम्प्युटरच्या क्लासला येऊन टायपिंग शिकणार नाही म्हणणारा हा पहिलाच पठ्ठ्या. "ते माझं काम न्हाई. माझं काम लाइन चालू करायचं." मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या मात्र माझ्याकडून एकेका बटणावर चिकटवून घेतल्या आणि लॅपटॉप घरी नेला.

ओतुरात आठवड्यात नेट चालू झालं. आण्यात मात्र रेंजच मिळेना. मग गेणूभाऊ मोबाइल छातीशी धरून घरभर फिरले, गोठ्यात फिरले, शेवटी स्लॅबवर पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात त्यांना रेंज सापडली, तीही डोक्याच्या वर हात धरला तर. केबल हातभर लांब. लॅपटॉप खाली, मोबाइल वर, मधलं अंतर कसं काढायचं? आमच्या लाइनमननं पक्कड घेतली, केबल मधोमध तोडली, तिला सहा फूट जाड वायर जोडली आणि वरून काळी टेप गुंडाळली. वायर जाड असली की सप्लाय दणकून येतो, हा चाळीस वर्षांचा अनुभव. लॅपटॉपनं मोबाइलला ओळखच दाखवली नाही. मला ती जोडलेली केबल बघून रडावं की हसावं कळेना. मी चांगलाच तापलो. ते शांतपणे म्हणाले, "चुकलं. आता दुसरी सांगा." पुण्याहून दुसरी केबल मागवली, जोडीला लांब एक्स्टेन्शन मागवलं, आणि पक्कड घरी कुलपात ठेवायची त्यांना शपथ घातली.

आता लागलं नेट, तर आडवे आले मिस कॉल. त्या वेळी मोबाइलवर फोन आला की नेट तुटायचं. आणि आमच्याकडं मिस कॉलशिवाय पान हलत नव्हतं. दूध घालायला निघालो, मिस कॉल. मोटर चालू कर, मिस कॉल. त्यात गेणूभाऊ जुने लाइनमन. गावात लाइट गेली की लोक सवयीनं त्यांनाच मिस कॉल द्यायचे, माणूस रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी. अखेर त्यांनी देवळाच्या भोंग्यावरून पुकारायला लावलं, की संध्याकाळी सहा ते सात ह्या नंबरावर कुणी मिस कॉल देऊ नये, आणि नंबर सांगितला. ज्यांना नंबर ठाऊक नव्हता त्यांनाही कळला. पाळतात का बघायला म्हणून त्या संध्याकाळी अख्ख्या गावानं एकेक मिस कॉल दिला.

यात दोन महिने गेले. मनीषाचा नववा लागला. गेणूभाऊ घाट उतरून आठवड्यातून तीनदा क्लासात हजर. एकदा नवीन सिमकार्ड घेऊन आले, त्याचा नंबर कुणालाच सांगणार नाही म्हणाले. आता माझा संयम सुटला. मी सगळ्या क्लासादेखत त्यांना झापलं, की अहो, फोन तुमच्या हातात आहे, लेक पलीकडं आहे, मग बोलून मोकळे व्हा की, कशाला स्वतःचे आणि माझे हाल करता?

ते चिडले नाहीत. टोपी काढली, पुन्हा घातली. "तुमी येकदा घरी या, राव," एवढंच म्हणाले.

त्या रविवारी गेलो. दारात कौसाबाई उभ्या होत्या, गेणूभाऊंच्या कारभारीणबाई. मी नमस्कार करून ख्यालीखुशाली विचारली. बाई माझ्या डोळ्यांकडं बघत नव्हत्या, तोंडाकडं बघत होत्या. मग अंमळ मोठ्यानंच म्हणाल्या, "बरं हाय. घाटात गाडी लागली न्हाई ना?"

गेणूभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "आठ वर्सं झाली, तापात कान गेलं. समोर तोंड दिसलं की सगळं समजतं तिला. पर फोनात तोंड कुठं दिसतं? पत्र यायला पंधरा दिस लागत्यात." मग म्हणाले, "बाळंतपणाचं आईनं सांगायचं असतं, राव. ही मला सांगती, मी मनीला सांगतो. त्यातल्या निम्म्या गोष्टी बापाच्या तोंडून निघत न्हाईत. आन ती तिकडं बापाला कसं इचारणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार लोकांदेखत मी या माणसाला बोलून मोकळे व्हा म्हणालो होतो.

सहा वाजता स्लॅबवर गेलो. कौसाबाई लॅपटॉपपुढं मांडी घालून बसल्या. बटणांवरच्या चिठ्ठ्या झिजून पुसट झाल्या होत्या, इतका सराव या बाईनं केला होता. गेणूभाऊंनी मोबाइल एका बांबूला बांधला, तो उंच धरला आणि आमच्याकडं पाठ करून टाकीजवळ उभे राहिले. नव्या सिमवर नंबर फिरवला. एकदा तुटला. दुसऱ्यांदा लागला. पलीकडून 'आई' अशी दोन अक्षरं आली.

बाईंनी एका बोटानं लिहिलं, 'पाय सुजतात का'.

पुढचं वाचणं माझं काम नव्हतं, मी कठड्याशी गेलो. मागं बटणं वाजत होती, मधूनच बाई पदरानं डोळे पुसून पुन्हा लिहायला लागत होत्या. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. गेणूभाऊंचा बांबू तसाच वर. मी धरतो म्हटलं, तर मान हलवून नको म्हणाले. रेंज हलंल, म्हणाले.

तेवढ्यात कौसाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "अवो, मनी इचारती, तात्या कुठं हायती? मी म्हनलं, मघापासनं बांबू धरून उभं हायती. ती म्हणती, त्यांना खाली बसायला सांग."

उत्तर द्यायचं तर बायकोला तोंड दाखवायला हवं. गेणूभाऊ बांबू न हलवता फक्त मानेनं वळले. डोळे भरून वाहत होते, तेही दिसलंच तिला.

"तिला लिव्ह," ते एकेक शब्द सावकाश म्हणाले, "तात्या बसल्यात म्हणावं."

आणि परत पाठ करून तसेच उभे राहिले.