बाबाच्या पोटातला फुगडू

देवाशप्पथ सांगते, ह्यातलं अक्षर न् अक्षर खरंय! खोटं निघालं तर भर हळदीकुंकवात माझी कवळी पन्ह्याच्या पेल्यात पडो!

आमच्या वरच्या मजल्यावरचा सौरभ. अख्ख्या सीवूड्समध्ये ह्याला कुत्रं ओळखत नाही, पण ह्याचा आवाज घराघरात! टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये तो गुलाबी पाणघोडा बोलतो ना, फुगडू? तो हाच! मोबाईलच्या गेममध्येही ह्याचाच आवाज असतो. तिथे स्टुडिओत माईकपुढे सैनिक म्हणून मरतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नुसता मरतो, मग डबा खातो, मग परत मरायला उभा!

त्याची पोरगी मनाली, पाच वर्षांची. फुगडूची भक्त! पण फुगडू म्हणजे आपलाच बाबा, हे तिला काय ठाऊक? रोज जेवायच्या वेळी हा पठ्ठ्या बाथरूमला आतून कडी लावून बायकोच्या मोबाईलवर फोन करायचा, "मनूऽऽ, दुधी संपवलास का गंऽऽ?" की पोरीचं ताट लख्ख! वर ती फुगडूला दिवसभराची गुपितं सांगायची. सनीचं खोडरबर तिनंच लपवलंय, बाईंची तिला भीती वाटते... आईला नाही, बाबाला नाही, फक्त फुगडूला!

एकदा म्हणाली, "फुगडू, सनीचे पप्पा क्रेन चालवतात. माझा बाबा ना, काहीच करत नाही. नुसता गुळण्या करतो."

झालं! उलट्या बादलीवर बसलेल्या सौरभच्या काळजाला ते असं झोंबलं, जसं काही कुणी मिठाचं पाणी ओतलं!

तेवढ्यात शाळेत आईबाबांनी येऊन आपापलं काम दाखवायचा दिवस आला. सौरभनं बाह्या सरसावल्या. "बघच स्नेहल, उद्या पोरगी मला डोक्यावर घेऊन नाचते की नाही!"

"अरे, नको सांगूस," स्नेहल, म्हणजे त्याची बायको, म्हणाली. "तिचा फुगडू तिच्याकडे राहू दे की."

"तुला जळायला होतंय!"

दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी वर्गात हजर. सनीचे पप्पा पिवळं हेल्मेट घालून आले, टाळ्या पडल्या. मग सौरभ उठला, छाती फुगवली आणि फुगडूच्या आवाजात ओरडला, "मनूऽऽ! ओळखलंस का गंऽऽ?"

भिंतीवरची पालसुद्धा दचकली! आणि मनाली किंचाळली,

"बाबानं फुगडूला गिळलं!"

अख्ख्या वर्गानं भोकाड पसरलं! सनीनं धावत येऊन सौरभच्या पोटावर बुक्की मारली, "फुगडू, घाबरू नको! आतून लाथ मार!" एका पोरीनं बाईंचा मोबाईल ओढून त्याच्या घशात टॉर्च मारला.

"अहो सर, दुसरा कुठला तरी आवाज काढा ना!" बाई रडकुंडीला आल्या.

घाबरल्या जिवाला सुचतं काय? ह्यानं गेममधल्या राक्षसाची डरकाळी फोडली! आता पोटात राक्षस पण! पोरांचं रडणं पार दिवाळे गावच्या खाडीपर्यंत ऐकू गेलं. वादळ आलं समजून कोळणींनी सुकत घातलेले बोंबील भराभर घरात नेले!

डरकाळीनं सौरभचा घसा मात्र साफ बसला. आवाजावर पोट भरणारा माणूस, पळाला नेरूळच्या डॉक्टरांकडे. मनाली हटून बसली, मी पण येणार! हातात डबा. डब्यात सोसायटीच्या बागेतलं गवत.

"फुगडू उपाशी असेल," ती म्हणाली.

डॉक्टरांनी घशात बारीकसा कॅमेरा घातला, पडद्यावर चित्र आलं. "हा बघ बाबाचा घसा."

"फुगडू कुठंय?"

"आत कुणी नाही, बेटा. तो आवाज तर बाबाच काढतो!"

मनाली पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच बाबाकडे वळली. "फोनवर पण तूच?"

तोंडात नळी. सौरभनं मान डोलावली.

"खोडरबरचं पण तूच ऐकलंस?"

राक्षस येतो, पाणघोडा येतो, मरणारी अख्खी पलटण येते. पण तेव्हा काढायला त्याच्याकडे एकही आवाज नव्हता हो.

संध्याकाळी जेवताना सवयीनं तो बाथरूममध्ये गेला, फोन लावला. घोगऱ्या आवाजात का होईना, म्हणाला, "मनूऽऽ..."

"बाबा, बाहेर ये," ती म्हणाली. "मी खाते दुधी."

आणि खाल्ला बाई, न कुरकुरता! स्नेहल म्हणते, इतका कडू दुधी घरात कधी झाला नव्हता.

सौरभ कडी काढून बाहेर आला. मनालीनं धावत येऊन त्याच्या गळ्यात हात टाकले आणि कानात एक नवंकोरं गुपित सांगितलं.

भिशीत मी गोष्ट इथेच थांबवते. बायका डोळे पुसतात, मला जास्तीचा ढोकळा मिळतो. पण शप्पथ घेतलीय, तर सांगून टाकते. बाकी सगळं खरं, अगदी बोंबलांसकट! ते कानातलं गुपित तेवढं मी माझ्या पदरचं घातलं.

त्या दिवशी ती हात धुऊन झोपायला गेली. सौरभ अजून रोज विचारतो, स्वतःच्या साध्या आवाजात, "आज शाळेत काय झालं गं?"

"काही नाही," ती म्हणते.