सांगाडा वाकलाय!

विमा कंपनीत बसून दुसऱ्यांनी तपासलेल्या अपघातांच्या रिपोर्टांवर शिक्के मारून मारून कारकूनसाहेब विटले होते. ठोकलेल्या गाड्या आता आपणच तपासायच्या, या जिद्दीने त्यांनी क्लास लावला. पहिल्या परीक्षेत नापास झाले. या खेपेलाही झाले, तर जन्मभर शिक्काच. म्हणून प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी त्यांनी एक छोटासा निर्णय घेतला. सासऱ्यांच्या गाडीवर हात साफ करून घ्यायचा.

त्या गाडीला नुकताच एका टेम्पोने मागे येताना धक्का दिला होता. पुढच्या बंपरवर जरासा ओरखडा, बस्स.

"मामा, ओरखडा वर दिसतो, पण मार आत बसलेला असतो," जावई गंभीरपणे म्हणाले. "सांगाडा तपासायला हवा."

"कोणाचा?" सासऱ्यांनी दचकून विचारलं.

बोनट उघडलं. उजव्या शॉकॲब्सॉर्बरच्या बोल्टपासून पुढच्या डाव्या टोकापर्यंत एक माप, मग डाव्या बोल्टपासून उजव्या टोकापर्यंत दुसरं. दोन्ही सारखी आली तर सांगाडा सरळ. बायकोने शिवणाची टेप आणून दिली. (क्लासमध्ये यासाठी खास यंत्र होतं, पण जाणकाराचं यंत्रावाचून अडत नाही, असं साहेबांचं मत होतं.) टेपचं पुढचं टोक धरायला सासूबाई उभ्या राहिल्या.

मापांत चांगला बोटभर फरक आला!

"वाकलाय! सांगाडा वाकलाय!" साहेब इतक्या आनंदाने ओरडले, की सासरे मटकन खुर्चीत बसले. ती गाडी त्यांनी पोटच्या पोरीसारखी सांभाळली होती. (पोरीच्या मते, पोरीपेक्षा जास्त.)

आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या. खुर्चीत मान टाकून बसलेल्या सासऱ्यांकडे बघून त्यांनी साहेबांना हळूच विचारलं, "काय झालं हो?"

"पुढून धक्का बसला. डावी बाजू गेलीय."

"अगं बाई! बोलता येतंय ना?"

"हॉर्न वाजतोय की!"

काकू सासऱ्यांकडे बघतच राहिल्या.

एवढ्यात सासरे ताडकन उठले. "मला नाही पटत. माझी गाडी सरळ आहे. रस्त्यावर सिद्ध करून दाखवा!"

"दाखवतोच!" साहेब म्हणाले. "वाकलेली गाडी एका बाजूला ओढते. स्टिअरिंग सोडलं की लगेच कळतं."

दोघांनी पट्टे बांधले. गल्ली रिकामी होती. साहेबांनी बेताच्या वेगात गाडी नेली आणि दोन्ही हात वर केले.

"बघा हं मामा, आता डावीकडे ओढेल."

"नाही ओढत."

"ओढेल."

"जावईबापू, पुढे वळण आहे."

"थांबा हो, ओढेलच!"

गाडी ओढली नाही. ती सरळ गेली. इतकी सरळ गेली, की रस्ता वळला तरी ती वळली नाही. समोर विजेचा खांब होता.

काचांचा खळखळाट थांबल्यावर सासऱ्यांनी आधी जावयाला चाचपून पाहिलं. "लागलं का कुठे?"

"नाही."

"मग आता पटलं का, सरळ होती ते?"

तोवर सासूबाई धापा टाकत पोचल्या. त्यांना सगळं कळल्यावर त्या जरा चाचरत म्हणाल्या, "दुसऱ्या वेळी त्या टोकाला ग्रीस होतं. म्हणून मी टेप जरा अलीकडे धरली होती. सांगायला हवं होतं का?"

रात्रभर साहेबांच्या डोळ्यांपुढे शिक्का नाचत होता. तरीही सकाळी ते परीक्षेला गेले. वर्कशॉपचं दार उघडलं आणि त्यांचे पाय थबकले. मास्तरांनी कालच दुरुस्तीसाठी ओढून आणलेली ताजी गाडी परीक्षेला ठेवली होती. सासऱ्यांची!

बाकीचे गाडीखाली घुसले, ब्रेकवर संशय घेऊ लागले. साहेबांनी मात्र नुसतं लांबून पाहून धडाधड सांगितलं, "धक्का समोरून, डाव्या कोपऱ्यावर. वस्तू गोल आणि स्थिर. डाव्या चाकाचा आर्म वाकलाय, सांगाडा पुढून आत दबलाय. गाडीत आधीचा दोष अजिबात नाही. ब्रेक लावलाच नव्हता. स्टिअरिंगवर हातही नव्हता."

मास्तर थक्क झाले. "शाबास! इतक्या वर्षांत असं निदान ऐकलं नाही. पास! आता शेवटचं सांगा, चालक कसा असावा?"

साहेबांनी छाती फुगवली. "माणूस हुशार असावा, सर. अभ्यासू आणि निश्चयी."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"इथे मात्र तुमचे दोन मार्क कापतो," ते म्हणाले. "निदान पुराव्याला धरून हवं."