दामलेकाकांचं रिचर्ड्स बे

ब्रिस्टलमध्ये आमच्यापैकी कुणी सुट्टीला निघालं, की शेजारच्या दामलेकाकांना वास लागायचाच. तुम्ही स्पेन म्हणा, कॉर्नवॉल म्हणा, काका चहाचा मग खाली ठेवून म्हणायचे, "त्यापेक्षा रिचर्ड्स बेला का नाही जात?"

रिचर्ड्स बे म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं बंदर. काका तिथे काही वर्षं इंजिनियर होते. मंडळाच्या गणपतीत आरती संपते न संपते तोच त्यांचं बंदर सुरू व्हायचं. "नथिंग होतं तिथे! कोळ्यांची वस्ती आणि पाणघोडे. मग खोल बंदर केलं, आणि आता बघा, जगभर कोळसा जातो!" पाठोपाठ सगळा झुलू मुलूख यायचा. गेंडे, सेंट लुशियाच्या मगरी, लग्नात मुलीच्या बापाला गायी द्यायची पद्धत. "ती किंमत नव्हे हं, मान असतो! आणि उतरायचं ते जवळच्या एशोवे गावातल्या त्या गेस्टहाउसमध्येच. बाकी सगळं रबिश!"

माझा नवरा त्यांना 'पर्यटन खातं' म्हणायचा. काका स्वतः मात्र परत कधी तिकडे गेले नव्हते.

शेवटी एका ऑगस्टमध्ये, नवा डिजिटल कॅमेरा घेऊन, आम्ही गेलो. एशोवेला दार उघडलं ते कडेवर कुरळ्या केसांचं पोर घेतलेल्या एका तरुणीने. आमच्याकडे बघून ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाबांनी पाठवलं ना?"

ती काकांची मुलगी, मेधा; गेस्टहाउस तिचंच. काकांना मुलगी आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. रात्री वरणभात वाढता वाढता तिने सगळं सांगितलं. तिचा नवरा सिफो झुलू. त्यांच्या रीतीप्रमाणे त्याचे मामा भल्या पहाटे मागणी घालायला आले आणि गेटवर उभे राहून घराण्याच्या नावाने आरोळ्या देऊ लागले. काकांना वाटलं, बंदरातले संपकरी घरावर चालून आले! त्यांनी गेटला कुलूप लावून पोलिसांना फोन केला. मागाहून गायींचा विषय निघाला, तेव्हा "मला मुलगी विकायची नाही" म्हणून कडाडले. मेधाने लग्न केलं आणि बापलेकीचं बोलणं संपलं.

"दरवर्षी कुणाला तरी पाठवतात," मेधा म्हणाली. "मी जेवू घालते सगळ्यांना. पण आता सांगा त्यांना, स्वतः या म्हणावं. मामांच्या मनात काही नाही."

परतल्यावर बॅगा न उघडताच मी काकांकडे गेले. म्हातारा दार लावून घेईल, अशी धास्ती होती. मी निरोप सांगितला. काका पाठ फिरवून केटलशी खुडबुडू लागले.

"बरी आहे ना ती?"

"मजेत आहे काका. हा बघा तुमचा नातू."

त्यांनी चष्मा पुसून कॅमेऱ्यात पाहिलं, पुन्हा पुसून पाहिलं. मला एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं या माणसाला आम्ही नुसतं हसत होतो.

मग सगळ्या ब्रिस्टलला सल्ले देणाऱ्या काकांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळूच विचारलं, "अगं, तिकडे आता हिवाळा ना, थंडी असेल. व्याह्यांना शाली न्याव्यात का?"