माठातल्या फ्लॉप्या

आमच्या शेजारच्या दुकानात माठ होता, पण पाणी मागायची सोय नव्हती. अमरावतीच्या मे महिन्यात भातकुलीहून तापून आलेलं एखादं गिऱ्हाईक झाकण काढून गिलास आत घालायचं आणि आतून खरखर आवाज यायचा. लगेच रऊफभाई ओरडायचे, "अरे बापा! फ्लॉप्या हायेत त्याच्यात! पानी शेजारी मंदाताईकडं प्या!"

मंदाताई म्हणजे मी. माझं पिको-फॉलचं दुकान, रऊफभाईंचं लग्नपत्रिकांचं. मधे एक भिंत. त्यांच्या फ्लॉप्या कोरड्या माठात गारव्याला बसणार आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना पाणी मी पाजणार, असा तो हिशेब.

ज्यांनी फ्लॉपी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. काळ्या पाकिटातली पातळ तबकडी, हातात धरली की पापडासारखी लवते. कॉम्प्युटरला एक फट असते, तिला ड्राइव्ह म्हणायचं. फ्लॉपी तिच्यात सरकवायची, खटका फिरवायचा, मग ड्राइव्ह घशात काटा अडकल्यासारखी खाकरते आणि फ्लॉपीवरचं काय ते पडद्यावर येतं. गावात सीड्या आल्या, मग बोटाएवढे पेन ड्राइव्ह आले. रऊफभाई फ्लॉपीवरच. "पेन ड्राइव्ह खिशातून पडते आन सापडत नाही," ते म्हणायचे. "फ्लॉपी कोनाची रस्त्यात पडली, असं ऐकलं काय तुमी कधी?"

त्यांना सगळ्यात अभिमान डबल साइड फ्लॉपीचा. ड्राइव्हमध्ये वरून एक डोकं टेकतं, खालून एक, आणि फ्लॉपी दोन्ही अंगांनी भरते. हे समजावून सांगताना ते घरचंच उदाहरण द्यायचे. "घरात अम्मी हाये, बायको बी हाये. वरून एक डोकं, खालून एक डोकं, मधात मी गरगर फिरून राहिलो. मीच डबल साइड डिस्क हावो, ताई!" माणसांची पारखही त्यांनी तीच लावली होती. नगरसेवक सिंगल साइड, पोस्टमन डबल साइड, आणि माझे मिस्टर "अजून फॉरमॅटच केले नाहीत". हे मी घरी सांगितलं नाही.

आमची पहिली वादावादी लोहचुंबकावरून. सांडलेल्या टाचण्या उचलायला माझ्याकडे एक चुंबक होतं. ते मी मधल्या भिंतीच्या खिळ्याला अडकवलेलं. एक दिवस रऊफभाई घामाघूम होऊन आत आले. "ताई, हे काढा! पलीकडे माहा माठ हाये! चुंबकानं फ्लॉपी पुसल्या जाते! भातकुलीच्या अर्ध्या नवरदेवाइचे नाव जातीन!" मी म्हटलं, "भाई, मधे नऊ इंची भिंत आहे." ते म्हणाले, "चुंबकाले भिंत समजते काय?" चुंबक समोरच्या भिंतीवर गेलं. मला दर टाचणीला उठावं लागे. प्रचाराची रिक्षा भोंगा लावून आली, तर भोंग्यातही चुंबक असतं म्हणून हे रस्त्यात आडवे व्हायचे. सगळ्याच पक्षांना वाटायचं, हा माणूस विरोधकांचा आहे.

दुसरी भानगड कात्रीची. कुठल्या तरी ऑफिसातून टाकून दिलेल्या फ्लॉप्या ते आणत. त्यांच्या कडेला खाच नसायची, आणि खाच नसली तर फ्लॉपीवर लिहिता येत नाही. ती खाच पाडायला माझी काजाची कात्री! दर वेळी बोथट करून परत, वर "शुक्रिया ताई, ईदला शिरखुर्मा तुमाले आधी." मी बडबड करायची आणि कात्री द्यायची. शिवाय ब्लाउजच्या अस्तराचे तुकडे जोडून त्या फ्लॉप्यांना मी अभ्रे शिवून दिले. सासू म्हणाली, "त्याच्या फ्लॉप्याइले अभ्रे, अन् माही उशी उघडी!" खोटं नव्हतं तिचं.

हसू येतं, पण त्या माठावर त्यांचं घर चालायचं. ती वर्षंच तशी होती. कापसाला भाव नव्हता, लग्नं मोठ्या मांडवातून घरच्या अंगणात आली होती, आणि लोक म्हणायचे, "मोठीची पत्रिका हाये ना तुमच्याजवळ? तीच काढा, नाव तेवढं धाकटीचं टाका." रऊफभाई माठात हात घालून बरोबर ती फ्लॉपी काढायचे, नवरानवरीची नावं बदलायचे आणि स्वस्तात पत्रिका द्यायचे. अशी सोय दुसरीकडे कुठे नव्हती.

आता मन्याचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

मन्या म्हणजे मनोहर. तो आणि रऊफभाई शाळेपासूनचे दोस्त. दुकान दोघांनी मिळून काढलेलं. कॉम्प्युटरला दोन ड्राइव्ह होत्या. मग भांडण झालं. मनोहर एक ड्राइव्ह उपटून अकोल्याला गेला, दुसरी यांच्याकडे राहिली. मला वाटलं, पैशाचं असेल, नाहीतर बाईचं. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, भांडण होतं फ्लॉप्या उभ्या ठेवायच्या की आडव्या यावर! "थो आडव्या ठेवते, ताई," रऊफभाई मला खाजगी आवाजात म्हणाले, जणू तो बायकोला मारत असावा.

तेव्हापासून बोलणं बंद. पण खेळ चालू. कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचा डाव मांडायचा, एक चाल करायची, फ्लॉपीत भरायची आणि अकोल्याच्या एस.टी.वर वानखडे ड्रायव्हरजवळ द्यायची. ते ती स्टेअरिंगवरच्या गजाननाच्या फोटोमागे खोचून न्यायचे. मनोहर आपली चाल करून परत पाठवायचा. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पेरणीला मांडलेला डाव वेचणीपर्यंत पुरायचा. मी म्हटलं, "भाई, घोडा इकडचा तिकडे ठेवला, एवढंच सांगायचं ना? फोन करा."

"फोनवर बोला लागते," ते म्हणाले. "आमचं बोलनं बंद हाये."

एका उन्हाळ्यात अकोल्याची फ्लॉपी बरेच दिवस आली नाही. आली ती उघडेना. ड्राइव्ह खाकरली आणि पडद्यावर आलं, वाचता येत नाही. वर वानखडेंच्या तोंडी निरोप, "तुमची चाल पाहिली होती, पण पुढे तुमचीच फ्लॉपी आमच्याकडे उघडेना; पट आठवणीनं मांडून चाल नव्या फ्लॉपीत भरली. तुमची ड्राइव्ह वाकडी झाली. दाखवून घ्या."

रऊफभाई असे भडकले की रस्त्यावरची माणसं थांबली. "माही वाकडी? माही? सारा माठ उघडून दाखवतो!" आणि खरंच दाखवला. एकेक फ्लॉपी अभ्र्यातून काढून ड्राइव्हमध्ये घालायची, पत्रिका पडद्यावर आली की मला ओरडून सांगायचं. "पाहा! चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी! सरळ हाये की नाही?" मी पिको सोडून दिवसभर लोकांची लग्नं पाहत बसले. त्यांची ड्राइव्ह ठणठणीत होती. वाकडी होती अकोल्याची.

"सांग त्याले," ते वानखडेंना म्हणाले, "तुही ड्राइव्ह हापटली कुठं तरी. आतलं डोकं सरकलं. तुनं लिहिलेलं आता तुलेच वाचता येते, दुनियेत दुसऱ्या कोनाले नाही."

वानखडे हलले नाहीत. टोपी काढून माझ्या बाकावर बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "सांगू नको म्हनलं होतं त्यायनं. मनोहरभाऊले लकवा मारला. खुर्चीवरून पडले, संगं ते मशीन बी पडलं. उजवा हात गेला. जुन्या फ्लॉप्या उघडत नाहीत तं म्हनते उनानं खराब झाल्या. दिवसभर भिंतीकडे पाहून राह्यते. एकाच गोष्टीवर हासते. येईल त्याले सांगते, रऊफ्याची ड्राइव्ह वाकडी झाली, आन कबूल करत नाही."

रऊफभाईंनी कॉम्प्युटरचं झाकण उतरवलं आणि पेचकस घेतला.

"ताई, अकोल्याची फ्लॉपी धरा जरा."

पेच सैल करायचा, आतलं डोकं केसाएवढं सरकवायचं, पेच आवळायचा, फ्लॉपी घालायची. वाचता येत नाही. पुन्हा सैल, पुन्हा केसभर. मी शेवटी म्हटलं, "भाई, अहो चांगली सरळ ड्राइव्ह त्याच्यासारखी वाकडी काऊन करून राहिले? त्याची दुरुस्त करा ना!"

"त्याची दुरुस्त कराले त्याले सांगा लागीन का वाकडी तुही हाये. मंग थो कायच्यावर हासंन?"

"आणि तुमचा माठ?"

त्यांनी माठाकडे पाहिलंसुद्धा नाही. "टाइप करू पुन्हा. बोटं हायेत मले."

"मग चाल वाचून झाली की परत सरळ करा."

"रोज सरळ-वाकडी केली तं पेच झिजते, ताई. मंग ना मन्याचं वाचता येईन ना माहं."

दिवेलागणीला ड्राइव्ह खाकरली आणि पडद्यावर पट आला. काळे-पांढरे चौकोन, त्यात मनोहरनं डाव्या हातानं केलेली चाल. रऊफभाई खुर्चीतून उठले. "पाहा, हरामखोरानं वजीर उघडा टाकला! लकवा मारला तरी अक्कल नाही आली!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि शिव्या चालू होत्या. मला इतका राग आला आणि इतकं भरून आलं, की मी त्यांना "वेडे आहात तुम्ही" म्हणाले आणि माझ्या दुकानात जाऊन रडले.

मग मी येऊन माठातली एक फ्लॉपी घालून पाहिली. वाचता येत नाही. दुसरी, तिसरी, तेच. त्या हंगामात धाकट्या मुलींच्या पत्रिका घ्यायला लोक आले. रऊफभाईंनी मोठ्या मुलींच्या पत्रिका छापील नमुन्यावरून एकेक अक्षर पुन्हा ठोकल्या, आणि दर जुनाच लावला. बायको आणि अम्मी दोघींनी वरून-खालून बोलून घेतलं.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी वानखडे गाडी लावून आले, तेव्हा फ्लॉपी तयार होती. वजीर त्यांनी मारला नव्हता, दुसरंच कुठलं तरी प्यादं सरकवलं होतं.

"काय निरोप सांगू?" वानखडेंनी विचारलं.

रऊफभाईंनी फ्लॉपी अभ्र्यात घातली आणि त्यांच्या हातात दिली. "सांगजो, ड्राइव्ह माहीच वाकडी होती. दाखवून घेतली. हास मनाव किती हासतं तं."