मामाची फवारणी

आमच्या बाबारावमामाकडे पाहुणा गेला की मामा आधी पाणी विचारत नाही, चहा विचारत नाही. विचारतो, "आंघोळ झाली काय?" झाली म्हटलं तरी सुटका नसते. "ते तुमच्या घरची झाली. आता आमच्या घरची करून पाहा." आणि पिशवी खांद्यावरून उतरायच्या आत टॉवेल हातात पडतो.

मामा बोरी अरब गावचा. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. दोनेक वर्षांपूर्वी त्यानं न्हाणीत शॉवर बसवला. विकतचा नव्हे, स्वतः केलेला. छपरावर निळा ड्रम, बंबातलं गरम पाणी त्यात चढवायला जुनी मोटर आणि टोकाला कपाशीवर फवारणी करायच्या पंपाचं नोझल. त्यातून पाणी इतकं बारीक उडतं की अंगावर पडेपर्यंत गार होतं. नळीसुद्धा छातीपर्यंतच आलेली. उभं राहिलं तर डोकं कोरडं, म्हणून प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचं. आणि गरम-थंड पाण्याचे दोन्ही कॉक न्हाणीच्या बाहेर. ते फिरवायला दाराशी मामा उभा.

"कसं हाय?"

"मामा, थंड!"

"आता?"

"मामा, भाजलं!"

"थांब, मधलं काढतो."

हे मधलं पाणी आमच्या घराण्यात अजून कोणाच्या अंगावर पडलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मामेबहीण वर्षाच्या बाळाचं बारसं मामाकडेच झालं. थंडी अशी की सकाळी अंगणातल्या बाजेला हात लावला तरी चटका बसावा. आंघोळ आटोपलेले आम्ही सगळे उन्हात दात वाजवत बसलो होतो आणि जो तो आपापलं दुःख सांगत होता.

माझी आई म्हणाली, "मी अंगभर साबण लावला अन् लाइन गेली, मोटर बंद. हा माहा भाऊ बाहेरून म्हणते, लाइन येईलच बाई, तवर साबण मुरू दे!"

माझ्या वेळी मधेच कोणीतरी जळालेली मोटर घेऊन आलं. मामा कॉक बंद करून तिकडे गेला. बऱ्याच वेळानं परत आला आणि मला म्हणाला, "तू अजून अंदरच काय?"

वर्षाचा नवरा गोधडीत गुंडाळून बसला होता. तो म्हणाला, "मले तं वाटून राह्यलं, आता मले बोंडं फुटतात."

सगळ्यात जास्त हसला तो मामाच. पण जावई नुसते बोलून थांबणारे नव्हते. त्यांनी गुपचूप गीझर आणून ठेवला होता. थोड्या वेळानं वायरमन आला आणि हातोडी घेऊन न्हाणीकडे निघाला. मामाचं हसू एकदम मावळलं. तो उठला आणि न्हाणीच्या उंबरठ्यावर जाऊन बसला.

"गीझर लावाचा तं अंगणात लावा. याले हात लावाचा नाही."

"बाबा, लोकं हासून राह्यले तुमाले!" वर्षा म्हणाली.

"हासू दे."

"पण काहून?"

मामानं एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पदराला हात पुसत मामी बाहेर आली. आमची मामी फारसं बोलत नाही. तिनं उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथंच अडला.

"खांदा धरला माहा," ती म्हणाली. "लोटा डोक्यावर जातच नाही. पयले हेच माह्या डोक्यावर पाणी टाकून देत. पण मले लाज वाटे, लहान लेकरासारखं. कोणाले सांगू नका म्हणून शपथ मीच घातलती. मंग यायनं हे बसवलं. मी बसून आपली आपली आंघोळ करतो, हे बाहेरून कॉक फिरवतात."

"मंग पाहुण्याईले कायले छळता?" आईनं विचारलं.

"कोणी विचारू नये, हे कोणासाठी लावलं म्हणून. सारे म्हणत, बाबारावले येड लागलं. हे म्हणत, मले हासू दे, तुह्याकडे तं कोणी पाह्यत नाही."

वर्षानं आईचा हात हातात घेतला. "मलेही नाही सांगितलं?" तिचे डोळे भरले.

"अवं, आता बरं हाय. डॉक्टरनं व्यायाम सांगतला. पयले तं हात कोपराच्या वर नोहता जात." मामीचा चेहरा डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखा दिसत होता. वायरमनकडे वळून तीच म्हणाली, "भाऊ, गीझर लावा. नळी हाय तेवढ्याच उंचीवर ठेवा. अन् कॉक अंदर घ्या, माह्या हाताले पुरन असे."

जावयांनी मामाकडे पाहिलं. मामा उंबरठ्यावरून उठला.

दुसऱ्या दिवशी पहिली आंघोळ मामीची. दाराच्या फटीतून वाफ येत होती. मामा सवयीनं बाहेर येऊन उभा राहिला, पण फिरवायला काही नव्हतं. हात पाठीमागे बांधले, सोडले, गोठ्यापर्यंत जाऊन आला.

आतून आवाज आला, "गेले काय?"

"नाही. हावो इथंच."

"मंग बोलत राहा नं काही."

मामानं माझ्याकडे पाहिलं आणि लाजला. मग भिंतीला पाठ टेकली आणि काल कोणाची मोटर कशी जळाली ते अगदी पहिल्यापासून सांगायला लागला.