दातांची वाटणी

स्टोअरकीपरने वरचे दात बायकोच्या भावाला दिले आणि खालचे दात बहिणीच्या मुलाला. घरात शांतता राहावी, एवढाच त्याचा हेतू होता. अशा हेतूने माणसं काय काय करून बसतात, ते आपण पाहतोच.

मूळ भानगड नोकरीतली. फ्रिज, पंखे, मिक्सर विकणाऱ्या एका मोठ्या दुकानाचं तळघरातलं गोदाम तो सांभाळायचा. तिथे ना खिडकी, ना वारा. हसरा चेहरा दिसायचा तो फक्त खोक्यांवर छापलेल्या बाईचा. वर, काचेच्या दाराजवळ, तक्रार विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती. ती हुकली की पुन्हा उजेडात यायची आशा संपली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

साहेब म्हणाले, "काम चोख आहे हो तुमचं. पण तिथे हसतमुख माणूस लागतो. तुम्हाला हसताना मी तरी पाहिलं नाही."

पाहणार कसं? वरचे दात पिवळे, खालचे एकमेकांच्या अंगावर रेललेले. शाळेत असल्यापासून तो तोंड मिटून हसत आला होता, आणि मिटल्या तोंडाने हसलेलं कुणाच्या लक्षातच येत नाही.

"दात नीट करून घ्यावेत म्हणतो," एवढंच तो घरी बोलला.

"मग माझा भाऊ कशाला आहे?" बायको म्हणाली. "व्हिनिअर लावून देईल. दातांवर पांढरे पातळ पापुद्रे चिकटवतात. आठवड्याभरात चकाचक!"

संध्याकाळी बहिणीचा फोन. ही बातमी तिला कुणी दिली, ते अजून कळलेलं नाही.

"दादा, माझा मुलगा दातांना तारा लावायचं एवढं शिकून आला, आणि तू परक्याच्या पुढे तोंड उघडणार? आम्ही काय मेलो का?"

मेहुणा आणि भाचा दोघेही दातांचे डॉक्टर. दवाखाने समोरासमोर, आणि बोलणं बंद. मधल्या जागेत स्कूटर कुणी लावायची, यावरून. तेव्हा स्टोअरकीपरने बराच विचार करून वाटणी केली. वरचा जबडा बायकोच्या माहेरी, खालचा बहिणीच्या घरी.

"वरचे त्यांना का?" बहिणीने विचारलं.

"अगं, खालचे जास्त अवघड आहेत. हुशार डॉक्टर लागतो."

हे त्याने बायकोला सांगितलं नाही.

मेहुण्याने वर व्हिनिअर चिकटवली. भाच्याने खाली दातांवर बारीक बटणं चिकटवून तार बसवली. समोर काय चाललंय, हे दोघांनीही विचारलं नाही, कारण बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअरकीपरने टोस्टचा घास घेतला. टक् झालं. वरचं एक व्हिनिअर खालच्या तारेच्या बटणावर आपटून निखळलं. टोस्टमध्ये सापडलं नाही, म्हणजे ते पोटात गेलं असावं.

"दाजी, माझ्या कामात खोट नाही," मेहुणा म्हणाला. "समोरच्याच्या तारेने धडक दिली. आधी ती काढून या, मग बोलू."

भाचा म्हणाला, "मामा, सगळा क्रमच उलटा केलात! आधी तारा लावून वरखाली दात सरळ करायचे, मग शेवटी व्हिनिअर. तुम्ही भिंत ओळंब्यात यायच्या आधीच रंग देऊन मोकळे!"

"मग आता काय करायचं?"

"त्यांचं काढा."

घरी बायको कडाडली, "तुमच्या बहिणीच्या दातांनी माझ्या भावाचे दात पाडले!" फोनवर बहीण म्हणाली, "वहिनीचेच मधे मधे येतात, त्याला आमचे काय करणार?" हे सगळे दात एकाच माणसाच्या तोंडात होते, पण त्याचा उल्लेख कुणीच केला नाही.

वरच्या जागेची मुलाखत परवावर आली होती. मेहुण्याने नवं व्हिनिअर लावलं. भाच्याने मागच्या दाढांवर दात भरायच्या सिमेंटचे उंचवटे केले, म्हणजे पुढचे दात एकमेकांवर आपटायला नकोत. उपाय बरोबर लागू पडला. पुढचे दात एकमेकांना भेटेनात. मात्र ओठही भेटेनात.

आता तो अखंड हसत होता. हिशेबनीसबाईंनी आपली स्कूटर चोरीला गेल्याचं सांगितलं, तेव्हाही तो हसला. बाई त्याच्याशी बोलेनाशा झाल्या.

"शक्यतो बोलू नका मामा, शब्दांऐवजी नुसता वारा सुटतो," भाच्याने बजावलं.

"अरे, मुलाखत आहे!"

"मग ऐकून घ्या नुसतं."

मुलाखतीला साहेब होते आणि मुख्य कार्यालयातल्या एक करड्या बाई. दुसरा उमेदवार विक्री विभागातला, सगळे त्याला गोडबोल्या म्हणत. तेवढ्यात दार ढकलून एक गिऱ्हाईक आत आलं. हातात कपडे धुण्याच्या मशीनची नळी, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला.

"घराचं तळं झालंय माझ्या! कोण ऐकणार आहे इथे?"

गोडबोल्या लगेच उठला. नळी वॉरंटीत का येत नाही, हे त्याने फार गोड समजावलं. गिऱ्हाईक लालबुंद झालं. मग त्याची नजर स्टोअरकीपरकडे गेली.

"आणि तुम्हाला हसू येतंय?"

स्टोअरकीपरने ओठ ओढून पाहिले. संपलं सगळं, आता खोकी आणि खोक्यांवरची बाई. तोंड मिटेना, बोलायची सोय नाही. तो घाबरून नुसता बघत राहिला, हसत. गिऱ्हाईक ओरडलं, मग नुसतं बोलू लागलं, मग खुर्चीत बसून बायकोचं, शेजाऱ्यांचं, सगळंच सांगू लागलं. शेवटी म्हणालं, "काही म्हणा, मला मधे न तोडता ऐकून घेणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला."

करड्या बाईंनी साहेबांकडे पाहिलं. "यांनाच घ्या. मात्र हा चेहरा असाच राहिला पाहिजे. नेमणुकीत तशी अटच घाला."

स्टोअरकीपरला आनंदाने रडू फुटलं. कुणाला ते कळलं नाही.

त्याच संध्याकाळी मेहुणा आणि भाचा एकाच स्कूटरवरून घरी आले. बायको आणि बहीण सोफ्यावर शेजारी शेजारी बसल्या होत्या. बढतीने सगळ्यांची मनं मोठी झाली होती.

"दाजी, आम्ही दोघांनी एकत्र बसून ठरवलं," मेहुणा म्हणाला. "वरची व्हिनिअर काढू, उंचवटे काढू. हा आधी तारांनी सगळं सरळ करील, मग मी शेवटी नवी व्हिनिअर लावीन."

"उद्याच सुरुवात करू मामा," भाचा म्हणाला. "लगेच तोंड मिटायला लागेल."

"मिटेल?"

"गच्च!"

स्टोअरकीपर उठला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "कुणी हात लावायचा नाही!"

"अहो, असं काय करताय?" बायको घाबरली. "असे किती दिवस राहणार आहात?"

"रिटायर होईपर्यंत," तो हसत म्हणाला. म्हणजे, नुसतंच म्हणाला.